तुमच्या शंकेची किंमत उमेदवाराने का मोजायची?

प्रति,
मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या भारतातील भरती समित्या आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख,
पुणे, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम

विषय : बाहेरून येणाऱ्या अनुभवी इंजिनियरना खालच्या लेव्हलची (पदाच्या पायरीची) ऑफर देण्याबाबत

सस्नेह नमस्कार,

गेली काही वर्षं पुण्यात एकच गोष्ट मी निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकते आहे. माणूस एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत दहा-बारा वर्षं घालवतो, एखादं प्रॉडक्ट शून्यातून उभं करतो, टीम घडवतो. रात्री-अपरात्री सिस्टिम बंद पडली तर फोन त्यालाच जातो. मग तो तुमच्याकडे अर्ज करतो. राउंड होतात, चांगले होतात. आठवडा-दोन आठवडे काहीच कळत नाही. मग रिक्रूटरचा फोन येतो : अभिनंदन, कमिटीने होकार दिला आहे, फक्त लेव्हल एक खाली आली आहे. का आली? "कमिटीचं तसं मत पडलं." लेखी काही मिळेल का? "फीडबॅक शेअर करायची पॉलिसी नाही." आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : "तुम्ही आत तर या, वर्षभरात प्रमोशन होऊन जाईल."

माझंही असंच झालं. मी ती ऑफर घेतली, आज त्याच कंपनीत आहे, आणि आता समोरच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचे इंटरव्ह्यूही घेते. दोन्हीकडून पाहिल्यावर जे पटलं ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या चार-पाच भेटींत माणसाची पुरती पारख होत नाही, आणि ती होत नाही हे तुम्हालाही ठाऊक असतं. म्हणून शंका उरते. शंका तुमची असते; पण तिची सगळी किंमत उमेदवाराच्या नावावर पडते, आणि पुढची कित्येक वर्षं पडत राहते. माझं म्हणणं या एका मुद्द्यावर आहे.

माझं आधीचं काम काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण लेव्हल ठरवताना हरवतं ते हेच. आमची कंपनी सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करायची. माझ्याकडे यूपीआयचं रिकन्सिलिएशन, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा मेळ घालण्याचं काम होतं. ग्राहकाने मोबाइलवरून पैसे पाठवले की तो व्यवहार निदान तीन ठिकाणी नोंदला जातो : बँकेच्या स्विचमध्ये (व्यवहारांचे निरोप पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्रणेत), कोअर बँकिंगच्या खात्यांत आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडून येणाऱ्या सेटलमेंटच्या (बँकांमधल्या हिशेबाच्या) फाइलमध्ये. तिन्हीकडे तीच रक्कम आणि तीच स्थिती असली तर प्रश्न नाही. पण मध्येच लाइन जाते, समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही, आणि एकाच्या खात्यातून पैसे वजा होऊन दुसऱ्याच्या खात्यात जमाच होत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात यासाठी मुदती ठरवून दिल्या. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करायचे, दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत. मुदत टळली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहक तक्रार करील याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची.

मोठ्या बँकेला शंभर रुपये म्हणजे काही नाही. पण तालुक्याच्या गावात चार-सहा शाखा असलेल्या बँकेत ज्या आठवड्यात ऊसबिलं जमा होतात, त्या आठवड्यात सगळा गाव एकदम पैसे काढतो, पाठवतो, उधाऱ्या फेडतो. तेव्हा अडकलेल्या व्यवहारांची यादी वाढत गेली तर बँकेच्या मॅनेजरला झोप लागत नाही. अशाच एका आठवड्यात एका बँकेच्या स्विचने रिव्हर्सलचे (पैसे परत जमा करण्याचे) निरोप दुसऱ्यांदा पाठवायला सुरुवात केली. पहिल्या निरोपाचं उत्तर वाटेत हरवलं होतं, म्हणून यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा प्रयत्न केला. लोकांचे पैसे एकदा परत जमा झाले होते, ते पुन्हा जमा होऊ लागले असते. झाले नाहीत. कारण मूळ व्यवहाराच्या बारा अंकी संदर्भ क्रमांकावर परतावा एकदाच होऊ शकेल, दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर नोंद न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं, अशी रचना मी आणि माझ्या टीमने आधीच करून ठेवली होती. सकाळी बँकेत कोणाला काही कळलंही नाही. आमच्या कामात काही घडत नाही तेव्हाच काम चांगलं झालेलं असतं, आणि असं न घडलेलं काम इंटरव्ह्यूत सांगणं अवघड जातं.

सिस्टिम डिझाइनच्या राउंडमध्ये मी हेच उदाहरण घेतलं. समोरच्या इंजिनियरने पहिला प्रश्न विचारला, सेकंदाला किती रिक्वेस्ट? मी खरं ते सांगितलं, गर्दीच्या वेळी काही शे. त्याने लिहून घेतलं. उरलेला वेळ आम्ही हाच आकडा दहा लाख झाला तर डेटा कसा वाटायचा यावर बोललो. त्यावरही मी ठीक बोलले असावे, कारण निवड झाली. पण नंतर रिक्रूटरने आडून जेवढं सांगितलं त्यात एवढंच होतं : "स्केल आणि स्कोप लिमिटेड वाटला." वरंधा घाटातून पावसाळ्यात एसटी नेणाऱ्या ड्रायव्हरला तुमचा वेग ताशी तीसच होता म्हणून नवशिका ठरवावं, तसं हे झालं. वेग हे कठीणपणाचं एक माप आहे. एकही रुपया चुकीच्या खात्यात जाऊ न देणं हे दुसरं माप आहे. तुमच्या फॉर्मवर पहिल्यासाठी जागा असते, दुसऱ्यासाठी बहुधा नसते.

तुमची बाजू मला कळते, आणि ती खोटी नाही. पदनामं सगळीकडे सारखी नसतात. एखाद्या स्टार्टअपमध्ये चार वर्षांच्या अनुभवावर माणूस हेड ऑफ इंजिनियरिंग होतो, कारण तिथे इंजिनियरच सहा असतात. मोठ्या परदेशी बँकांच्या खराडीच्या ऑफिसांत व्हाइस प्रेसिडेंट हे मधल्या फळीतलं पद आहे, हे घरच्यांना समजावून सांगताना लोकांची दमछाक होते. तुमच्या आपसातल्या शिड्याही जुळत नाहीत. गूगलमध्ये कॉलेजमधून आलेला इंजिनियर एल-३वर बसतो आणि सीनियर एल-५वर; अॅमेझॉनमध्ये सुरुवातच एल-४पासून होते; मायक्रोसॉफ्टमध्ये ५९ आणि ६० हे आकडे नवशिक्यांचे, ६३पासून सीनियर. या शिड्या एकमेकींशेजारी लावून दाखवणारी लेव्हल्स डॉट एफवायआयसारखी साइट निघाली आणि जगभर चालली, यावरूनच लोकांना किती अंधारात चाचपडावं लागत होतं ते दिसतं. तेव्हा जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचं पद नव्या कंपनीत जसंच्या तसं मिळावं अशी माझी मागणी नाही.

पुढचंही मान्य आहे. माणसाला झेपणार नाही अशा लेव्हलवर घेतलं तर त्याचेच हाल होतात. पहिल्याच वर्षी खराब रेटिंग, मग पीआयपी (काम सुधारण्यासाठी दिलेली ठरावीक मुदत), मग नोकरी जाते. असे लोक मी पाहिले आहेत. काही सहकारी एक पायरी खाली आले आणि त्यांनीच पुढे सांगितलं की बरं झालं. हजारो मशीनवर चालणाऱ्या सिस्टिम, प्रत्येक ओळीचा काटेकोर कोड रिव्ह्यू, हे त्यांच्यासाठी खरोखर नवं होतं. खालची लेव्हल प्रत्येक वेळी अन्यायाचीच असते असं मी म्हणत नाही. पण ती बरोबर होती की चूक, हे ठरवायला नंतर कोणी बसतच नाही. चुकून वरच्या लेव्हलवर घेतलेला माणूस वर्षभरात उघडा पडतो, कंपनीला ते दिसतं, त्याची नोंद होते. चुकून खालच्या लेव्हलवर घेतलेला माणूस मात्र मुकाट्याने काम करत राहतो, चांगलं रेटिंग मिळवतो, आणि तुमच्या हिशेबात ती यशस्वी भरती धरली जाते. दोन चुकांपैकी एकच चूक तुम्हाला दिसते, तेव्हा दुसरी वाढत जाणार हे उघड आहे.

आता पैशांकडे येते, कारण "पॅकेज तर वाढतंय ना, मग लेव्हलचं काय घेऊन बसलात" हे मला सगळ्यांनी ऐकवलं आहे, रिक्रूटरने आणि काकांनीही. आकडे उदाहरणादाखल घेते. समजा खालच्या लेव्हलचा बँड (पगाराची कक्षा) वर्षाला ४० ते ६० लाखांचा आहे आणि वरच्याचा ५५ ते ८५ लाखांचा. मला ५८ लाख देऊन खालच्या लेव्हलवर बसवलं. ऑफर लेटरवर आकडा छान दिसतो. पण मी माझ्या बँडच्या छताला टेकलेली आहे. पुढच्या वर्षी रेटिंग उत्तम आलं तरी वाढ जेमतेम मिळणार, कारण बँड संपला. त्याच दिवशी वरच्या लेव्हलवर ६० लाखांना आलेल्या माणसापुढे २५ लाखांची जागा मोकळी आहे. आमच्यात सुरुवातीला फरक दोन लाखांचा, चार वर्षांनी किती होईल ते तुमच्या कॉम्पेन्सेशन टीमला मी सांगायला नको. त्यात दरवर्षी मिळणारे नवे आरएसयू (कंपनीचे शेअर) लेव्हलवर ठरतात आणि चार वर्षांत व्हेस्ट होतात (टप्प्याटप्प्याने हातात येतात), म्हणजे आज कमी मिळालेला शेअर पुढची चार वर्षं कमीच राहतो. शेवटी प्रमोशन झालं तरी आतून चढणाऱ्याला बहुधा नव्या बँडच्या तळाशी जागा मिळते, आणि त्याच महिन्यात बाहेरून आलेला त्याच लेव्हलवर घासाघीस करून मधल्या आकड्यावर बसतो.

आणि ते "वर्षभरात" कधीच वर्षभरात होत नाही. प्रमोशनसाठी तुमचाच नियम असा की माणूस आधीपासून वरच्या लेव्हलचं काम करतो आहे हे एकापाठोपाठच्या सायकलमध्ये (मूल्यमापनाच्या फेऱ्यांत) दिसलं पाहिजे. पहिली सायकल तर "नवीन आहे, रेटिंग नको" म्हणून जाते. मग दोन सायकल पुरावे गोळा करायचे, मग पॅकेट (प्रमोशनचा प्रस्ताव) लिहायचं, मग ते कॅलिब्रेशनला (सगळ्यांची तुलना करणाऱ्या बैठकीला) जायचं, आणि त्या तिमाहीत प्रमोशनचं बजेट आखडलेलं नसलं तर ठीक. सगळं सुरळीत झालं तरी दोन वर्षं जातात. रिक्रूटरला हे माहीत असतं. त्या वाक्याला कागदावर काही किंमत नाही, हेही त्याला माहीत असतं. उमेदवाराला मात्र दोन्ही माहीत नसतं.

रोजच्या कामात लेव्हल कशी आडवी येते, त्याचं एक उदाहरण. आत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी रिफंडच्या एका यंत्रणेचं डिझाइन लिहिलं. विषय माझ्या हातातला होता. पण त्या प्रकारच्या डॉक्युमेंटवर मंजुरी देणारा सीनियर किंवा त्याच्या वरचा हवा, असा नियम. मंजुरीसाठी ज्याचं नाव लावलं तो हुशार मुलगा होता, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि पेमेंटमध्ये त्याने कधी काम केलेलं नव्हतं. तो स्वतःच म्हणाला, यात मी काय मंजूर करणार, तुम्हीच मला समजावून सांगा. मी दोन दुपारी बसून त्याला समजावलं आणि मग त्याने माझ्या डिझाइनला मंजुरी दिली. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण पुढे त्या प्रोजेक्टच्या बैठकांना बोलावणं त्याला जाऊ लागलं, कारण मंजुरीच्या जागी नाव त्याचं होतं. वरच्या लेव्हलचं काम करून दाखवा म्हणता, आणि ते काम ज्या खोलीत ठरतं तिथे यायला आधी ती लेव्हल लागते.

आपल्याकडे या सगळ्याला नोटीस पीरियडची आणखी एक गाठ आहे. अमेरिकेत दोन आठवडे आधी सांगून माणूस मोकळा होतो. इथल्या आयटीत तीन महिने ही सर्रास पद्धत आहे. तुमचेच रिक्रूटर विचारतात, "लवकर जॉइन होणार का?" नव्वद दिवस म्हटलं की आवाजातला उत्साह ओसरतो. म्हणून कितीतरी जण एखादी बरी ऑफर हातात आली की राजीनामा टाकतात आणि नोटीस चालू असताना तुमचे राउंड देतात. खाली आलेली लेव्हल त्यांना कळते तेव्हा शेवटचा दिवस जवळ आलेला असतो, जुन्या कंपनीत त्यांच्या जागी दुसरा माणूस आलेला असतो, घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला वळता होणारच असतो. अशा वेळी "शुक्रवारपर्यंत कळवा" असं सांगून मिळालेल्या होकाराला तुम्ही वाटाघाटीतून आलेला होकार समजू नका. ज्याची ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते आणि तरीही जो तुमच्या शब्दावर निघाला, त्याने तर आणखी काही सोडलेलं असतं.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. लेव्हल खाली आली हे मी घरी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "चौकशी झाली का?" मला आधी कळलंच नाही. त्यांच्या नोकरीत खालच्या पदावर आणणं ही शिक्षा होती, आणि जबर शिक्षा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९मध्ये ती तशी लिहिलेली आहे, आणि राज्यघटनेच्या ३११व्या कलमानुसार आरोप सांगितल्याशिवाय, म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय सरकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ तर करता येत नाहीच, पण पदाने खालीही आणता येत नाही. मी त्यांना समजावलं की बाबा, ही दुसरी कंपनी आहे, त्यांनी मला काढलेलं नाही, नव्याने घेतलं आहे. कायद्याने यात काही गैर नाही. त्यांना ते पटलं. तरी ते म्हणाले, "पण कारण तरी सांगायला हवं होतं." इतकी वर्षं टेबलावर फायली हाताळलेल्या माणसाला कारणाशिवाय निघालेला आदेश म्हणजे काय हे नीट माहीत असतं.

सरकारी व्यवस्थेचे दोष मला ठाऊक आहेत, तिचे गोडवे मी गात नाही. पण तिथल्या काही गोष्टी तुमच्यासारख्या कंपन्यांनी सहज कराव्यात अशा आहेत. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता कुणीही उघडून पाहू शकतो; लेव्हल १० म्हणजे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं पोरगं तोंडपाठ सांगतं. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणाऱ्या प्राध्यापकाची मागची सेवा कधी धरायची आणि कधी नाही, याच्या अटी यूजीसीने २०१८च्या विनियमांत लिहून ठेवल्या आहेत. पात्रता काय हवी, आधीचं पद कुठल्या श्रेणीचं हवं, सगळं छापील. कोणाला त्या अटी जाचक वाटतील, पण त्या वाचता येतात आणि त्यांवर बोट ठेवून भांडता येतं. तुमच्याकडे बोट ठेवायला काहीच नसतं.

याहून मला खटकतं ते असं, की तुम्हीच दुसऱ्या देशांत हे सगळं करता. कोलोरॅडोत २०२१पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२पासून, कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३पासून. कॅलिफोर्नियात तर आधी पगार किती होता हे उमेदवाराला विचारायलाच २०१८पासून बंदी आहे. युरोपीय संघाने २०२३मध्ये पगाराच्या पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना जून २०२६ची मुदत दिली. त्याच कंपनीची, त्याच कामाची जाहिरात तिथे कक्षेसह निघते आणि हैदराबादची, पुण्याची जाहिरात काढताना तो आकडा गळतो. इथे मात्र शेवटच्या तीन पेस्लिप, फॉर्म १६, मागच्या कंपनीचं ऑफर लेटर, सगळं मागून घेतलं जातं. आमची पानं उघडी, तुमची मिटलेली, आणि याला आपण दोघांनी ठरवलेला पगार म्हणायचं. इथला कायदा सक्ती करत नाही हे खरं आहे. पण नॅसकॉम आणि झिनॉव्हच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे देशात १,७००हून अधिक जीसीसी (परदेशी कंपन्यांची इथली केंद्रं) होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं काम करत होती. एवढ्या माणसांच्या बाबतीत कायद्याने दटावल्याशिवाय आपण हलणार नाही, ही भूमिका तुम्हाला शोभत नाही.

हे ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही, तेही सांगते. ज्याच्या हातात तुमच्या तोडीच्या दुसऱ्या कंपनीची ऑफर असते, त्याची लेव्हल फोनवर बदललेली मी पाहिली आहे. आदल्या दिवशी "कमिटीचा अंतिम निर्णय" होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. मुलाच्या जन्मानंतर वर्ष-दीड वर्ष घरी राहून परत येणारी बाई, सोलापूर-नांदेडच्या कॉलेजातून सर्व्हिस कंपनीत आणि तिथून प्रॉडक्टमध्ये आलेला मुलगा, यांच्या हातात तशी दुसरी ऑफर क्वचितच असते, आणि मागितलं तर मिळतं हे त्यांना सांगणारंही जवळ कोणी नसतं. माझी एक मैत्रीण अशीच परत आली. तिने आधी सांभाळलेल्या कामाबद्दल एकाही राउंडमध्ये कुणी विचारलं नाही, गॅपबद्दल सगळ्यांनी विचारलं. ऑफर दोन पायऱ्या खाली आली.

मला काय हवं आहे ते आता थेट लिहिते. कोणत्या लेव्हलसाठी इंटरव्ह्यू चालला आहे, त्या लेव्हलकडून काय अपेक्षा आहे आणि तिचा बँड काय, हे पहिल्या राउंडच्या आधी सांगा. शक्यता दोन लेव्हलची असेल तर दोन्ही सांगा, म्हणजे माणूस राजीनामा टाकण्यापूर्वी विचार करील. लेव्हल खाली आली तर कारण लेखी द्या. पानभर नको, तीन-चार वाक्यं पुरेत, पण अशी की वाचून माणसाला कळेल कुठे कमी पडलो, आणि त्याच्याकडे त्यावर दाखवण्यासारखं काही असेल तर आणखी एक राउंड मागता येईल. ज्या क्षेत्रातला माणूस आहे त्या क्षेत्रातला निदान एक जण इंटरव्ह्यूला बसवा. तुमच्याकडे पेमेंट, सिक्युरिटी, डेटाबेस, सगळ्यांतली माणसं आहेत, फक्त त्यांचं कॅलेंडर पाहायचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शंका ठेवून घेतलेल्या माणसाच्या ऑफर लेटरमध्ये फेरतपासणीची तारीख घाला. सहा महिन्यांनी, फार तर नऊ. हे प्रमोशन नाही, म्हणून प्रमोशनच्या सायकलला, बजेटला, पॅकेटला बांधू नका. इंटरव्ह्यूत जे पाहता आलं नाही ते आता रोजच्या कामात दिसलं आहे, तर पहिला अंदाज बरोबर होता का, एवढंच बघायचं. बरोबर होता तर माणूस आहे तिथेच राहील, त्याला कारणही कळलेलं असेल. चुकला होता तर लेव्हल जॉइनिंगच्या तारखेपासून सुधारा आणि शेअरचा फरकही त्याच तारखेपासून द्या. असं केलं तर खालची ऑफर देताना कमिटीला दोनदा विचार करावा लागेल, कारण चुकल्यास खर्च तिच्याही बाजूला दिसेल. आज तो दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, कारणं लेखी दिली तर वकिली नोटिसा येतील, वाद वाढतील. ज्याला भांडायचं आहे तो आजही भांडतो. बाकीचे भांडत नाहीत, ते गप्प बसून दीड-दोन वर्षांत निघून जातात, आणि एक्झिट इंटरव्ह्यूत "बेटर अपॉर्च्युनिटी" असं लिहून जातात. माझ्याबरोबर खालच्या लेव्हलवर आलेले बरेच जण असेच गेले. त्यांच्या जागी तुम्ही पुन्हा भरती केली, पुन्हा राउंड घेतले, पुन्हा कुणालातरी वर्षभराचं आश्वासन दिलं. तो खर्च कुठल्या तक्त्यात धरता?

आता मी ज्या फॉर्मवर माझं मत लिहिते, त्याबद्दल. उमेदवाराला घ्या, घेऊ नका किंवा एक लेव्हल खाली घ्या, असे तीन पर्याय त्यात आहेत. पहिल्या दोन्हींसाठी कारण लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तिसऱ्यासाठी जातो. गेल्या वर्षापासून मी तिसऱ्या पर्यायावर कधी खूण केली तर खालच्या मोकळ्या जागेत कारण लिहिते : काय विचारलं, काय उत्तर आलं, वरच्या लेव्हलसाठी त्यात काय कमी वाटलं, आणि ती कमी मला दिसली की माझ्या प्रश्नातच तिला जागा नव्हती. लिहायला बसल्यावर दोनदा असं झालं की कारण सापडलं नाही, आणि मी खूण बदलून पहिल्या पर्यायावर केली. माझ्या पॅनेलमधले आणखी काही जण आता तसं लिहू लागले आहेत. ती ओळ सध्या आतल्या आतच राहते, उमेदवारापर्यंत जात नाही. ती त्याच्यापर्यंत पोचवायची परवानगी माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, आणि पुढची भरती एप्रिलमध्ये सुरू होते आहे.

आपली,
पेमेंटच्या कामात रमलेली पुण्यातली एक इंजिनियर